रंग बदलणारा बेंगळुरूला गेला

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, चहा पिता पिता साचतात. आमचं वारज्यातलं वेबसाइटचं ऑफिस तर एवढंसं. मालक आपटे सर, चित्रं काढणारी सायली, मी आणि पूर्वी सुजय. सायलीच्या चित्रातला कुठला भाग कधी कुठला रंग घेणार, हे स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाच्या रंगरूपाच्या कोडमध्ये, सुजय लिहायचा.

एका बिल्डरला आम्ही त्याचा लोगो हिरव्याचा हळूहळू भगवा होताना दाखवला. त्याने स्क्रीनवर बोट घासून बघितलं. मग म्हणाला, “म्हंजी, रंग कच्चा हाय का?”

सुजयला घाई जमायचीच नाही. एकदा सर वैतागले, “अहो, हे बटण लाल होईपर्यंत मी रिटायर होईन!”

सुजय शांतपणे म्हणाला, “सर, रंग बदलताना दिसायला हवा.” हे तो सायलीकडे बघत म्हणाला होता. पण पुढे काहीच बोलला नाही, आणि मोठी नोकरी घेऊन बेंगळुरूला गेला. सायली वाट बघत राहिली. मला तिच्याकडे बघवत नसे.

त्याचं काम माझ्याकडे आलं. खडकवासल्याच्या एका रिसॉर्टच्या चित्रातलं छप्पर काही केल्या रंग बदलेना. शेवटी सायलीनेच सुजयला फोन लावला, स्पीकरवर.

“चित्र नुसतं फोटोसारखं लावलंय तुम्ही. त्याचा कोड थेट पानात घाला. नाहीतर बाहेरून दिलेला रंग आत पोचत नाही.”

“आणि आतलं बाहेर?” सायलीने विचारलं.

“हॅलो? आवाज तुटतोय...” फोन बंद!

सर म्हणाले, “एवढं मोठं शहर, पण रेंज नाही हो!”

मग सायलीला बघायला विश्रांतवाडीचं स्थळ आलं. मुलाच्या आईने विचारलं, “ऑफिसात नक्की काय करता आपण?”

“चित्रं काढते. रंग बदलणारा बेंगळुरूला गेला.”

स्थळाकडून पुन्हा फोन आला नाही.

आमच्या साइटवर ‘आमची माणसं’ असं पान आहे. सायलीने सगळ्यांची चित्रं काढलीत. माऊस नेला की त्या माणसाचे करडे कपडे रंगीत होतात. सर म्हणाले होते, “सुजयला पानावरून काढा. गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावतात, वेबसाइटवर नाही!” सायली “काढते” म्हणाली, आणि काढलं नाही.

परवा सकाळी मी सहज सायलीच्या चित्रावर माऊस नेला. तिचा कुर्ता मोरपंखी झाला. आणि सुजयचा शर्टसुद्धा!

हे मी लिहिलं नव्हतं. सायलीला स्टाइलशीट येत नाही. सरांनी स्वतः माऊस फिरवून खात्री केली.

“जुना पासवर्ड अजून त्याच्याकडे आहे वाटतं,” ते म्हणाले. “सायली, बदलायचा का?”

सायलीने त्यांच्या हातून माऊस ओढूनच घेतला.

“थांबा हो सर! आधी सुजयवर नेऊन बघू दे!”