पहिल्याच पायरीवरून परत

फोन कानाशी नीट धर पोरी, ऐक. आत्ता काय म्हणालीस, "मावशी, सातव्या महिन्यात पाय सुजणारच"? असं वाटलं, घोलवडला येऊन तुला दोन चापट्या द्याव्यात. कारण हेच मीही म्हणाले होते.

माझ्या सुनेला सूज आली तेव्हा बोंबील वाळत घालताना मी शेजारणींना कौतुकानं सांगायचे, "अंग धरलंय हो तिनं!" दवाखान्याची तारीख होती, तीही मी पुढे ढकलली. आधी महालक्ष्मीची ओटी भरायची, हा माझा हट्ट.

देवीच्या गडावर निघालो, तर पायऱ्यांखाली बांगड्यांचं दुकान होतं. हिरवा चुडा भरायला सुनेनं हात पुढे केला, तर जुन्या बांगड्या मनगटात रुतलेल्या. बांगडीवाल्या बाईनं हात दाबला, तिचा चेहरा पाहिला. "डोकं दुखतं का गं?" सून खाली बघत म्हणाली, "चार दिवस झाले. डोळ्यांपुढे चमकतंपण." मला बोलली नव्हती, मी नखरे म्हटलं असतं.

"चुडा नाही भरायची मी," बाई म्हणाली. "माझ्या लेकीचा हात असाच झाला होता. दवाखान्यात न्या, आत्ता."

"अहो, ओटी राहील!"

"ओटी मी भरते तुमची. देवी कुठं पळतेय?"

मला राग आला. पण तिचे डोळे भरलेले दिसले आणि पहिल्या पायरीवरचा पाय मी मागे घेतला.

डहाणूला बीपी बघताच डॉक्टरीणबाईंनी दाखल करून घेतलं. लघवीतून प्रथिनं जात होती, बाळ महिन्यांच्या मानानं बारीक. रक्तात सूज दाखवणारे आकडेही चढलेले. मी म्हटलं, "सूज पायाला, मग रक्तात कशी?" त्या म्हणाल्या, "आजी, पायाची तुम्हाला दिसली. आत रक्तवाहिन्यांनाही त्रास होतोय. वारेतून बाळाला पुरेसं पोचत नाही."

थोडे दिवस सांभाळून सिझर केलं. नात एवढीशी, काचेच्या पेटीत. बाहेर बसून मी नवसही बोलले नाही. आयुष्यभर देवीला मी कामंच सांगत आले होते. त्या दिवशी नुसतं म्हटलं, "आई, तुझी आहे, तू बघ."

पोर घरी आल्यावर गडाखाली गेलो. बांगडीवाली तिथंच होती. ओटी तिनं त्याच दिवशी भरली होती. सुनेला चुडा भरला, नातीला मनगट्या घातल्या. मी तिच्या पाया पडले, तर ओरडली, "अहो, वर जा, देवी वर आहे!" गेले वर. पण माझं दर्शन खालीच झालं होतं.

तेव्हा आज बीपी तपासून घे, उद्यावर टाकू नकोस. डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले की लगेच माझ्याकडे ये. ओट्यावर तुझी वाट बघतेय.