हळदीच्या रंगाचा साबण

निजामी राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाली होती आणि उस्मानपुऱ्यात चक्क साबणाचा कारखाना निघाला! कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याची शेड, एक अजस्र लोखंडी कढई आणि तिच्याखाली धडधडणारी भट्टी. पण तोवर आमच्याकडं साबण यायचा तो मुंबईहून. तो आता आपल्या औरंगाबादेत शिजणार म्हटल्यावर माझा भिकनमामा हरखूनच गेला.

मामा शेंद्र्याच्या धनगरवाड्यातला. कारखान्यात काम मिळाल्याबरोबर या उतावळ्या माणसानं सगळ्या मेंढ्या चुलत्याला विकून टाकल्या. माझी आजी पुतळाबाई कडाडली, "काम सुटलं म्हंजी? आपल्याच मेंढ्यांमागं चुलत्याचा गडी म्हणून हिंडशील!" मामा नुसता हसला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, आणि कौतुकही वाटतं.

पहिला घाणा चढला. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी पडलं, कढई रटरटू लागली, पांढरा लगदा घट्ट होत आला. मामाला आनंद आवरेना. नवं काम खंडोबाच्या भंडाऱ्याशिवाय सुरू करायचं नाही, ही वाड्यातली रीत. त्यानं कमरेची पिशवी सोडली आणि "येळकोट येळकोट जय मल्हार!" अशी आरोळी ठोकत मूठमूठ भंडारा थेट कढईत उधळला.

भंडारा म्हणजे शेवटी हळदच. तिला कॉस्टिक लागलं मात्र, सगळा लगदा कुंकू कालवल्यासारखा लालभडक झाला!

"देव कोपला!" म्हणत भट्टीवाला फकिरा मागं सरला. मालक बद्रीनाथशेठ धावत आले.

"किसने किया ये?"

"म्या, शेठ. चांगल्यासाठीच केलं."

"ये माल गया, तो तू भी गया!"

मग वड्या कापून फळ्यांवर वाळत घातल्या. मामा येताजाता तिथंच डोकावायचा. कॉस्टिकचा जोर ओसरला तशी लाली हळूहळू उतरली खरी, पण साबण पांढरा काही झाला नाही. झाला पिवळाधमक. शेठनी कपाळावर हात मारून घेतला. पिवळ्या साबणानं कपडे कोण धुणार?

"शेठ, हितं शेजारच्या सातारा गावात खंडोबाची जत्रा आलीया," मामा म्हणाला. "येक गाडी माल द्या. नाय खपला तर म्या आपला चुलत्याकडं जातो."

आणि चंपाषष्ठीला सातारा गावात काय झुंबड उडाली म्हणता! मामा गाडीवर उभा राहून घसा फोडत होता, "देवाच्या रंगाचा साबण! आपल्या औरंगाबादचा साबण!" माणसं एकमेकांच्या खांद्यावरून हात पुढं करत होती. दुपार कलायच्या आत गाडी रिकामी झाली. जत्रेला आलेल्या शेठनी तिथंच मामाच्या पाठीवर थाप मारली, "दूसरा घाणा कल ही चढ़ा!"

मामा जवळजवळ पळतच घरी आला. एक वडी त्यानं आजीसाठी राखून ठेवली होती. आजीनं ती हुंगली, पदरानं पुसली आणि देवघरात देवांच्या टाकांशेजारी ठेवून तिला हात जोडले.

"आये, त्यानं लुगडं धुयाचं असतं!"

"मग धुयाला दुसरा आण की," आजी म्हणाली. "तुह्याकडं आता रोजच साबण शिजणार हाय."