दाराबाहेरची दहा मिनिटं

मुलांना सांगितलं होतं, कुठल्याही एका जागी तासभर बसा आणि कोण कुणासाठी थांबतं एवढंच लिहून आणा. समाजशास्त्र पुस्तकापेक्षा अशा नोंदींत जास्त सापडतं, हे माझं नेहमीचं पालुपद. बहुतेकांनी एसटी स्टँड नाहीतर दवाखाना गाठला. सुषमाने मात्र माझ्या शेवटच्या तासाला दांडी मारून वर्गाबाहेरचा व्हरांडा निवडला होता.

तिने लिहिलं होतं, 'शांताबाई झाडू घेऊन दाराशी उभ्या असतात. तास सुटला की वर्ग झाडून त्या गाडी पकडतात. सरांचा तास रोज दहा मिनिटं लांबतो. मग पाचची गाडी चुकते. पुढची सहाला.'

एखाद्याला ताटकळत ठेवता येणं हीसुद्धा सत्ताच, असं मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. लिहिताना दाराच्या फटीतून शांताबाईंचा पदर दिसायचा. दिसत नव्हता असं कसं म्हणू? तो पाहूनही मी आणखी एक मुद्दा घ्यायचो, कारण मुलं मन लावून ऐकत असायची आणि ते मला आवडायचं. सुषमाच्या वहीतल्या 'दहा मिनिटं' या शब्दांखाली मी लाल शाईने रेघ ओढली.

आज घंटा होताच खडू ठेवला आणि बाहेर आलो. शांताबाई गडबडल्या. माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "आज लवकर, सर? बरं नाही का वाटत? या, जरा बसा. मला काही घाई नाही."