मलकपेठची माझी खोली

उदगीरहून निघाले तेव्हा आई बसस्टँडवर आली नव्हती. दारातूनच म्हणाली, "बरी होऊनच ये, माय." दादानं माझी पिशवी काखेत मारली आणि हैदराबादेत उतरेपर्यंत सोडली नाही. त्या दिवसांत भिंतीपलीकडून माणसं माझ्याबद्दल बोलताना मला ऐकू यायची.

दवाखान्यात ते आवाज कमी झाले. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. पण घरी माझ्या खाटेच्या जागी पुतण्याचं टेबल आलं होतं, वहिनीला भीती वाटत होती. हे दादानंच सांगितलं. शेवटी एका संस्थेनं हैदराबादेतच मलकपेठेत भाड्यानं घेतलेल्या घरात मला खोली मिळाली. शेजारच्या खोलीत शाहीन, तीही त्याच दवाखान्यातून आलेली. संस्थेच्या पद्माअक्का दर आठवड्याला यायच्या. गोळ्या बघायच्या, दवाखान्यात सोबत न्यायच्या, आणि टमाटे महाग आणले म्हणून रागवायच्या.

बरं चाललं होतं. मग गोळ्या चालू असतानाच आवाज परत आले. मी आतून कडी लावून घेतली. मला ताईसारखं 'बाजी' म्हणणारी शाहीन बाहेर फरशीवर बसून राहिली. "बाजी, दरवाजा नक्को खोलो, पन बात तो करो." तिनंच अक्कांना फोन केला.

दवाखान्यात जाताना ऑटोत मी एकच विचारत होते, "माझी खोली आता कुणाला देणार?"

अक्का त्यांच्या तेलुगू वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "किसी को नहीं. रूम तुम्हारा है. ठीक हो के आओ."

माझा विश्वास बसला नाही. आजारी माणूस उठून गेलं की त्याची जागा भरते, हे मी पाहिलं होतं.

परत आले तर खोली झाडून ठेवलेली. शाहीननं खट्टी दाळ केली होती. मी ताटावरच रडले. ती म्हणाली, "हौ, मिर्ची जास्ती हुई."

आता मी बेगम बाजारात एका दुकानात मसाल्याची पाकिटं भरते. आजार गेलेला नाही. पण तो आला की घर जाईल, ही धास्ती गेली. त्या धास्तीतच मी निम्मी आजारी होते, असं आता वाटतं.

परवा आईचा फोन आला. "दिवाळीला येतीस ना?"

"येते की, चार दिवस."

"चारच?"

"दुकान आहे, आई. शाहीनलाही एकटीला करमत नाही."

आई म्हणाली, "दिवाळी झाली की मीच येते तुझ्यासोबत. तुझ्या घरी मला झोपायला जागा आहे का?"

तुझ्या घरी, असं ती पहिल्यांदाच म्हणाली.

"आहे," मी म्हटलं. "चल."