‘श्रीमंत’साठी जपानी शब्द

तिसगावच्या एसटी स्टँडवर अण्णांनी माझी ट्रंक टपावर चढवून दिली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, “तिकडे शब्दांवरच पोट भरणार आहेस. एखादा अडला तर कुणाला तरी विचार. अंदाजाने लिहू नकोस.” भिंगारची कारकुनी सोडून, पुण्यात शिकलेल्या जपानीच्या जोरावर मी ओसाकाला दुभाषा म्हणून निघालो होतो. तुम्हा गावात राहिलेल्यांना वाटलं, पोरगा नशीब काढायला चालला. मी एका माणसापासून लांब चाललो होतो.

त्या माणसाला, गावच्या जुन्या जहागीरदाराला, आपण सगळे सरकार म्हणायचो. मी मॅट्रिकला असताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळेच्या मास्तरांनी, शाळेवर पत्रे घालून द्यावेत म्हणून त्यांना अर्ज केला. जहागिरी गेल्या, आता सगळे सारखे, असं समजून मायन्यात ‘श्रीमंत’ऐवजी ‘श्रीयुत’ लिहिलं. सरकारांनी त्यांना भर बैठकीत दाराशी, जोड्यांजवळ बसवलं आणि शंभर वेळा ‘श्रीमंत’ लिहायला लावलं.

“मास्तर, अक्षर झ्याक हाय तुमचं. फकस्त मानसं वळखायला शिका.”

बैठक हसली. हसणाऱ्यांत तुमच्यापैकीही काही होते. अण्णांनी शंभरही वेळा वळणदार लिहिलं.

ओसाकातल्या दुसऱ्या वर्षी शेतीची यंत्रं पाहायला आपल्याकडची काही मंडळी आली, त्यांत सरकार. दिल्लीने राजेरजवाड्यांच्या पदव्याही तेव्हा नुकत्याच काढून घेतल्या होत्या. सरकारांच्या कार्डावर मात्र ‘श्रीमंत’ तसंच होतं. कार्डांचं जपानी करायचं काम माझ्या टेबलावर आलं.

शब्द तीन होते. ‘ओ’ म्हणजे राजा. तो खोटा ठरला असता. ‘तोनोसामा’ म्हणजे जुन्या काळचा मुलखाचा धनी. तो बरोबर होता, मला पक्कं ठाऊक होतं. ‘शोया’ म्हणजे धन्यासाठी सारा गोळा करणारा गावचा पाटील. मी कुणालाही विचारलं नाही. ‘शोया’ लिहिलं.

जपानी माणूस कार्ड वाचून बसायची जागा ठरवतो. दाराजवळची सगळ्यांत हलकी. मेजवानीला सरकार तिथे बसले. सरकत्या दारापलीकडे आमचे सगळ्यांचे जोडे होते. या देशात इतकं गोड जेवण मी पुन्हा जेवलो नाही.

“मास्तरांचा ना रं तू?” निघताना ते म्हणाले. “लई मान ठिवलास गड्या. दाराशी बसवलंस, म्हंजी वारं आदी आपल्याला.”

महिन्याभराने अण्णांचं पत्र आलं. सरकार आपण होऊन घरी आले, ओट्यावर बसले, कार्ड दाखवलं आणि शाळेला पत्रे कबूल केले. शेवटी एक ओळ: “आभाराची पाटी मी रंगवतो आहे. कार्डावरचा शब्दही तिच्यावर घेणार. बरोबर आहे ना?”

मी उलट टपाली लिहिलं, “बरोबर आहे.”

सरकार गेले, अण्णाही गेले. खरं सांगतो, तो सूड मला अजून गोड लागतो. सरकारांची मला दया येत नाही. पण इथे ओसाकात कुणी गाव विचारलं की तिसगावचा बाजार आठवत नाही, घर आठवत नाही. शाळेची ती पाटी दिसते. खाली दोन जपानी अक्षरं, माहीत नसलेल्या लिपीतली, तरी अण्णांच्याच वळणाची. आयुष्यभर त्यांनी चुकीचा शब्द लिहिला नव्हता.

गावातून बाहेर पडलेल्यांपैकी कुणी उद्या जपानी शिकून आलं आणि ती पाटी वाचून दाखवली, तर अण्णांना हसू नका. त्यांनी विचारलं होतं.