मोटेचं चाक थांबलं तेव्हा

सासूबाई गेल्या त्या वर्षी घटाचा नंदादीप पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हाती आला. निजामाच्या राज्यातलं आमचं पिंपळगाव रेणुकाईचं. नवरात्रात दिवा विझला तर घरावर काहीतरी ओढवतं, ही भीती मला बाळकडूतच मिळालेली. मी घटापुढून हलेचना. तोंडी देवीचं नाव, पण मनात वात, तेल आणि वारा. ही भक्ती की पहारेकऱ्याची चाकरी, असं माझं मलाच वाटू लागलं होतं.

पाचव्या माळेला सकाळी हे मोटेनं मिरचीला पाणी देत होते. घर मळ्यातच, विहिरीला लागून. दारात जोगवा मागणारी एक म्हातारी आली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. जोगवा मागायचं सोडून ती कान देऊन उभी राहिली.

"बाई, मोटंचं चाक कवाचं थांबलंय. ऐकून राह्यली न्हाईस का?"

"बैलं दम खात असतील. मला दिव्यापासून उठता येत न्हाई."

"म्या बसते दिव्यापाशी. तू जल्दी जा!"

तिच्या आवाजात असं काही होतं की मी धावतच सुटले. विहिरीत अडकलेली मोट सोडवायला हे वाकले होते. मोट सुटली, पण तोल जाऊन हे आत गेले होते आणि मी पोचले तेव्हा दोराला लोंबकळत होते. वर बिचकलेले बैल एकेक पाऊल मागे, विहिरीकडे सरकत होते. अजून थोडे सरकले असते तर यांच्या अंगावरच पडले असते. मी वेसणी धरल्या आणि रेणुकाआईचा धावा करत बैलांना उतारावरून हळूहळू पुढे नेलं. रोज पाणी वर यायचं, त्या दिवशी मालक वर आले. काठावर बसून आम्ही दोघंही रडलो.

घरी आले तर म्हातारी दिव्यापाशीच होती.

"वाऱ्यानं इझल्ता गं, म्या लावला. मालक बराबर हायेत ना?"

ज्याला मी इतकी भ्याले ते घडून गेलं होतं आणि घर शाबूत होतं. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती कुठली, हे मी विचारलं नाही. आईनंच तिला पाठवलं असं मी मानते. त्या दिवसांत डोळे माझे उघडे होते, पण कान कुठे होते? आता दिवा लावते आणि तो आईच्या हवाली करते. चुलीपाशी असो की घटापुढे, तिचं नाव घेता घेता मोटेचं चाक ऐकत असते.