आबांच्या जीपची कोरडी गळती

आमच्या बोरीच्या घरासमोर आबांची जीप उभी असते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती आयुष्यभर जिंतूरच्या रस्त्यावर चालवली, माणसं कोंबून कोंबून. ते गेल्यावर चार वर्षं तिला कुणी हात लावला नाही. यंदा मलाच हुक्की आली आणि मी ती चालू केली. बायको म्हणाली, "एक महिना देते. तेवढ्यात रस्त्यावर आली तर बरं, न्हाई तर मानवतचा भंगारवाला बोलावते." तिचंही चूक नव्हतं, अंगणात गाडी आणि अंगणाबाहेर आम्ही. पण आबांची गाडी भंगारात? छे! माझ्या जिवाला ते सोसणार नव्हतं.

इंजिन झकास लागलं. रेडिएटरमध्ये मी दुकानातून आणलेलं हिरवंगार कूलंट ओतलं. संध्याकाळी शाळेतून आलो की इंजिन थोडं चालवायचं, बंद करायचं आणि स्टँडवर चहाला जायचं, असं ठरवलं. सकाळी झाकण उघडून बघतो तर रेडिएटर ठणठणीत कोरडा! पुन्हा भरला, पुन्हा कोरडा. बरं, जमिनीवर ओल नाही. खाली पुठ्ठा अंथरून ठेवला, तर पुठ्ठ्यावरसुद्धा थेंब नाही. अरे, मग डबाभर कूलंट जातंय कुठं?

मिस्त्री आला. त्यानं पाइप दाबले, पंप चाचपला, रेडिएटरच्या बुडाची तोटी हलवून बघितली. "तोटी घट्ट हाय, गुरुजी." तेल बघितलं, स्वच्छ. धूर बघितला, पाणी जळाल्यासारखा पांढरा नव्हता. रेडिएटरला हवेचा पंप लावून अर्धा तास बसला, काटा तसूभर सरकला नाही. मग उकिडवा बसून त्यानं निकाल दिला, "भाईर गळत न्हाई, म्हंजी आत पियालीय. इंजिनाचं हेड गेलं."

"अहो, पण धूर पांढरा कुठं निघतोय?"

"पियालीय, पर गुमान पियालीय."

समोरचे काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. ते म्हणाले, "उभी गाडी पानी पीत न्हाई. ही चोरी हाय. हिरवं दिसतंय, सरबत समजून नेलं आसंल कुनी." खोटं कशाला सांगू, मी मास्तर माणूस, पण दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओठांचा रंग बघत होतो. या सगळ्या पंचाइतीत आई आम्हाला चहा देत होती.

महिना सरला. रविवारी भंगारवाला येणार होता. शनिवारी संध्याकाळी मी इंजिन चालवून बंद केलं आणि चहाला न जाता टॉर्च घेऊन सरळ गाडीखाली जाऊन पडलो. थेंब कुठून पडतो ते आज बघतोच, म्हटलं. डासांनी फोडून काढलं. इंजिन निवलं. तेवढ्यात ओळखीच्या चपला दिसल्या. माझ्या कानाशी पुठ्ठ्यावर बादली सरकली. वरून एक हात आला, कुठं चाचपडला नाही, सरळ तोटीवर गेला. हिरवी धार लागली.

"आई!"

"अगं माय! खाली काय करायलास? सरक, भिजशील."

"तू काय करायलीस?"

"पानी सोडायले. गाडी घरी येऊन निवली का पानी सोडायचं. शिळं पानी गाडीला चालत न्हाई. आन् तू भरलेलं तर हिरवं पडलंय, शेवाळ धरल्यावानी. रोज गटारात वतते."

"अगं, मिस्त्री एवढं हुडकत होता, सांगायचं न्हाईस का?"

"मला इचारलं का कुनी? तुमी तर गाडीला रोग काय झालाय ते बघत होतात."

माझं डोकंच फिरलं. "मग सोडलंस ते सोडलंस, परत भरलं का न्हाईस?"

ती तोटी बंद करत होती. घट्ट, मिस्त्रीला सापडली होती तशीच.

"सकाळी भरायचं त्याईच्याकडं ऱ्हायचं," ती म्हणाली. "माझ्याकडं सोडायचं."

मी तिथंच पुठ्ठ्यावर पडून राहिलो. राग कुठल्या कुठं गेला आणि मला रडू आलं. चार वर्षांनी अंगणात त्या इंजिनाचा आवाज मीच काढला होता, रोज संध्याकाळी.

रविवारी पहाटेच मी रेडिएटरमध्ये साधं पाणी भरलं. मिस्त्री शिव्या घालील म्हणून त्याला विचारलंच नाही. भंगारवाला दारात आला तेव्हा मी आईला पुढच्या सीटवर चढवत होतो, आणि ती चढेना. "पुढची जागा गिऱ्हाइकाची ऱ्हाती," म्हणाली. एवढ्या वर्षांत ती तिथं एकदाही बसली नव्हती. शेवटी बायकोनंच तिला हात देऊन वर घेतलं आणि भंगारवाल्याला हात जोडले.

जिंतूरला जाऊन आलो. इंजिन निवेपर्यंत आई ओट्यावर बसून राहिली, मग बादली घेऊन उठली. मी आत गेलो आणि सकाळच्या पाण्याची कळशी भरून ठेवली.